चार नंबरच्या दारावरची कांडी

प्रवासी धक्क्याच्या मागच्या अंगाला, सामान तोलायच्या काट्यापलीकडे, दोन खोल्यांची एक प्रयोगशाळा होती. तिचं पूर्ण नाव पाटीवर मावलं नव्हतं, म्हणून रंगाऱ्याने निम्मं लिहून पुढे तीन टिंबं दिली होती. धक्क्यावरची माणसं तिला सरळ ‘नाकघर’ म्हणत. बोटीत चढणाऱ्यांच्या सामानात कुणी स्फोटक दडवलंय का, हे हुंगून काढणं एवढंच त्या खोल्यांचं काम. आता, ज्या खात्याचं यश म्हणजे ‘आज काही झालं नाही’, त्या खात्याला कोण विचारतो? नाकाचं असंच असतं. सर्दी होईपर्यंत ते आपल्याला आहे, याची आठवणसुद्धा होत नाही.

नाकघराच्या प्रमुख एक बाई होत्या. रसायनशास्त्रातल्या डॉक्टर. हमाल त्यांना पोटदुखीवर औषध विचारत. बाई ‘कोमट पाणी प्या’ म्हणून सांगत, आणि बहुतेकांना बरं वाटे. त्यामुळे धक्क्यावर बाईंचा दबदबा होता तो रसायनशास्त्राचा नव्हे, कोमट पाण्याचा.

बाईंच्या हाताखाली तीन नाकं होती. पहिलं, क्ष-किरणांचं यंत्र. ते बॅगेच्या पोटातलं दाखवी, पण साबणाची वडी आणि भलतंच काही यांचे चेहरे त्याला सारखे दिसत. दुसरं, पुसणीचं यंत्र. बॅगेच्या मुठीवरून कापडाचा तुकडा फिरवायचा आणि यंत्राच्या तोंडात द्यायचा. यंत्र त्यावरचे कण तापवी, त्यांना विजेचा भार देई आणि शर्यतीला सोडी. कोण किती वेगानं पळतो यावरून तो कोणाच्या घरचा, हे ते ओळखी. मात्र काही हँडक्रीमं आणि हृदयविकाराच्या काही गोळ्या अशा दिमाखात पळत की यंत्र उगीच बोंब मारी.

तिसरं नाक चार पायांवर होतं. ती एक तपकिरी कुत्री होती आणि तिला सगळे ‘मावशी’ म्हणत, कारण कुणाच्या पिशवीत काय आहे हे तिला पिशवी न उघडता कळे. कळलं की ती तिथेच बसकण मारी. अर्धा तास काम झालं की ती विश्रांती घेई. विश्रांतीशिवाय पुढचं काम होणार नाही, हे साहेबांना तोंडावर सांगणारी धक्क्यावरची ती एकमेव कर्मचारी.

“एकटं कोणीच पुरं पडत नाही,” बाई म्हणत. “पण तिघं मिळून एक शहाणा होतो. आपल्या कमिट्यांपेक्षा हे प्रमाण चांगलं आहे.”

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धक्क्यावर टायवाले आले.

टायवाले म्हणजे कांडी विकणारे एक गृहस्थ. उकाड्यातही त्यांचा टाय गळ्याशी घट्ट असे. माणूस पाहताक्षणी विश्वासू वाटावा एवढा घट्ट. कांडी म्हणजे एक काळी मूठ, आणि तिच्या टोकाला बिजागरीवर सैल झुलणारी पोलादी दांडी. मूठ हातात धरून चालायचं. स्फोटक जवळ आलं की दांडी आपोआप तिकडे वळते. तिला बॅटरी नव्हती, तार नव्हती, बटण नव्हतं. माणसाच्या अंगातल्या विजेवर चालते, असं टायवाले सांगत. बिघडण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, कारण तिच्यात काहीच नव्हतं.

पण धक्क्याच्या साहेबांना ती फार आवडली. पुसणीचं यंत्र तेव्हा नेमकं दुरुस्तीला गेलं होतं आणि मावशी नेमकी विश्रांतीत होती.

“कांडी खात नाही, झोपत नाही, रजा मागत नाही,” साहेब म्हणाले.

“कपड्यांचा हँगरही रजा मागत नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “आपण त्याला सुरक्षा खातं दिलेलं नाही.”

बाईंना आपल्या शास्त्राची खात्री होती. ही दांडी पाच मिनिटांत उघडी पाडू, असं म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात परीक्षा ठेवली. बेवारस सामानाच्या खोलीतून बॅगा आणून जुन्या प्रतीक्षालयात ओळीनं मांडल्या. एका बॅगेत स्वतःच्या हाताने स्फोटकाचा सीलबंद नमुना ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा असा कोरा, की त्यावर अर्ज लिहून घ्यावा.

कांडी धरायला साहेबांनी चार नंबरच्या दारावरचा पहारेकरी बोलावला. तो बाईंचा सख्खा धाकटा दीर होता.

तो ओळीवरून चालत गेला. दांडी डुलत होती. एका बॅगेपाशी ती ठामपणे वळली. बॅग उघडली. नमुना तीतच होता.

बाईंनी बॅग बदलली. दांडी पुन्हा अचूक वळली. तिसऱ्यांदाही वळली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. टायवाल्यांनी विनयाने टाय सारखा केला. बाईंना काय बोलावं सुचेना. त्यांच्या आयुष्यात असा प्रसंग एकदा लग्न ठरताना आला होता, तेवढाच.

दुसऱ्या दिवशी दिराला बढती मिळाली. ‘कांडी शोधपथक प्रमुख’. खांद्याला लाल फीत. दारावर कोणाला सोडायचं आणि दार केव्हा उघडायचं-मिटायचं याचा पूर्ण अधिकार त्याला, असा साहेबांच्या सहीचा लेखी हुकूम. चार नंबरच्या दारावरचं क्ष-किरणांचं यंत्र आणि पुसणीचं सामान उचललं, आणि मावशीची फेरी त्या दारापुरती बंद झाली. महिनाअखेरीस बाकीच्या दारांनाही कांड्या येणार होत्या. मग यंत्रं गोदामात आणि मावशी कायमची विश्रांतीत.

चार नंबर म्हणजे सकाळच्या मोठ्या बोटीचं दार. सगळ्यात जास्त गर्दी तिथे. उद्या कोणी खरोखर काही घेऊन आला, तर त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये उभा असणार तो एक सैल दांडी धरलेला दीर. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो शाळेत होता आणि शर्टाची बटणं तोडून आणत असे. ती त्यांनीच लावून दिली होती. आता त्याच पोराच्या खांद्यावर फीत होती, आणि ती पाहिली की बाईंच्या पोटात गोळा येई. कोमट पाण्याचा काही उपयोग होत नसे.

त्या रविवारी दुपारी दीर कांडी घरी घेऊन आला. बाईंचे यजमान बोटीवर इंजिनिअर, त्यामुळे ते नेहमीप्रमाणे समुद्रात. जेवायला सासूबाई, सासरे, बाई आणि दीर एवढेच. सासऱ्यांना साखर वर्ज्य होती आणि साखर सोडून दुसऱ्या कशात रस नव्हता. त्यामुळे घरात बिस्किटांचा डबा सतत जागा बदलत असे. त्या आठवड्यात लपवायची पाळी बाईंची होती.

“काय रे,” सासरे म्हणाले, “ही तुझी कांडी फक्त बाँबच शोधते, की चांगल्या कामालाही येते?”

“कशालाही येते, बाबा. टायवाले म्हणतात मनात धरलेली वस्तू शोधते.”

“मग धर मनात बिस्किटं.”

“अहो, गप्प बसा,” सासूबाई म्हणाल्या. “डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“डॉक्टरांनी खायचं नाही म्हणून सांगितलंय. शोधायचं नाही असं कुठं म्हणाले?”

दीर हसत उठला. मूठ धरून स्वयंपाकघरात फिरला. दांडी ओट्यापाशी डुलली, फळीपाशी घुटमळली, आणि भांड्यांच्या कपाटाकडे वळून स्थिर झाली. सासऱ्यांनी तत्परतेनं कपाट उघडलं. मोठ्या पातेल्यात, झाकणाखाली, डबा होता.

“बघितलंत वहिनी?” दिराचा चेहरा उजळला. “आता तरी पटलं का?”

बाई काही बोलायच्या आत सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, “कांडीचं कसलं कौतुक! सूनबाई आज कपाटाकडे पाठ करून बसली, तेव्हाच मी ओळखलं, डबा तिथंच गेला. हिचं पहिल्यापासून असंच. जिथं काही लपवील, त्या जागेशी अबोला धरते. तिकडे मान म्हणून वळवणार नाही. गेल्या वेळी पिठाच्या डब्याशी भांडल्यासारखी वागत होती.”

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

त्या दिवशी प्रतीक्षालयात त्या भिंतीला टेकून कुठे बघत होत्या? खिडकीकडे. मग दाराकडे. मग पुन्हा खिडकीकडे. ज्या बॅगेत नमुना होता, ती एक सोडून जगातल्या सगळ्या दिशांना. आणि समोर होता इतकी वर्षं त्यांच्याच पंक्तीला जेवलेला दीर, ज्याला वहिनी कधी रागावल्यात, कधी नुसत्या थकल्यात, हे नुसती पाठ बघूनही कळे. बिजागरी सैल. मनगट मुंगीएवढं कललं तरी दांडी वळते. मनगट कललं हे त्या मनगटाच्या मालकालाही कळत नाही. टायवाल्यांची कांडी स्फोटक शोधत नव्हती. ती बाईंचं तोंड वाचत होती. परीक्षा घेणारीनेच उत्तरपत्रिका फुटू दिली होती, आणि तीही इतक्या चोख बंदोबस्तात.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “कांडी मला बघून वळली. त्या दिवशीही आणि आत्ताही.”

दिराचं हसू मावळलं. “म्हणजे मी लबाडी केली?”

“नाही हो. तुम्ही लबाड असतात तर मला एवढी काळजी नसती. लबाड माणसाला निदान ठाऊक असतं की आपण काय करतोय.”

“वहिनी, आठ वर्षं दारावर उभा आहे मी. पहिल्यांदा कोणीतरी खांद्याला काही लावलं. तेही तुम्हाला बघवेना?”

सासऱ्यांनी या गडबडीत दोन बिस्किटं खाल्ली. सासूबाईंनी पाहिलं, पण हे भांडण त्यापेक्षा मोठं आहे हे ओळखून त्यांनी डबा नुसता लांब सरकवला.

“मला फीत खुपत नाही,” बाई म्हणाल्या. “त्या दारात उद्या काही झालं तर सगळ्यात जवळ कोण आहे, ते खुपतं. एक काम करा. माझ्यासाठी पुन्हा परीक्षा द्या. या वेळी ज्याला ठाऊक आहे असं एकही माणूस खोलीत नको. मीसुद्धा नको.”

“देतो!” दीर ताडकन म्हणाला. “पण तुमच्या कुत्रीनंही द्यायची. तीही तशीच. कोणाला काही ठाऊक नसताना.”

“मावशीही देईल. शब्द माझा.”

साहेबांना हे पटवायला जरा वेळ लागला.

“म्हणजे प्रतीक्षालयाच्या हॉलमध्ये जमलेल्यांपैकी कोणालाच काही माहीत नसणार?” त्यांनी विचारलं.

“हो, साहेब.”

“मग ती आपली नेहमीची बैठकच झाली की!”

तरी त्यांनी होकार दिला, कारण टायवाले स्वतःच म्हणाले, “घ्या ना, खुशाल घ्या. कांडीला परीक्षेची भीती नाही.” आणि हे खरंही होतं. कांडीला कशाचीच भीती नव्हती.

नियम बाईंनी ठरवले. बॅगांच्या सहा ओळी. कुठल्या ओळीत, कितव्या बॅगेत नमुना जायचा, हे कोणाच्या डोक्यानं ठरवायचं नाही, फासे टाकायचे. कारण माणूस ‘कुठेतरी’ लपवतो म्हणतो, तेव्हा तो नेहमी कोपरा आणि पहिली बॅग टाळून मधलीच निवडतो, आणि शोधणाराही मधलीच निवडतो. एखाद्या ओळीत काहीच ठेवायचं नाही, कारण ‘इथे काही नाही’ असं म्हणता येणं हीसुद्धा विद्या आहे. फासे टाकायला आणि नमुने ठेवायला मालखात्यातला एक कारकून घेतला. काम झालं की त्यानं मागच्या दारानं निघायचं आणि उपाहारगृहात जाऊन चहा प्यायचा. परीक्षा संपेपर्यंत पीतच राहायचं. कारकून म्हणाला, अशी परीक्षा रोज का नसते?

परीक्षेच्या दिवशी बाई बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या. आत काय, कुठे आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि हे ठाऊक नसणं हाच त्यांचा सगळा बंदोबस्त होता.

आत दिरानं कांडी उचलली. पहिल्या ओळीवरून चालला. दांडी डुलत राहिली. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब टायवाल्यांकडे बघत होते. टायवाले छताकडे. सगळे चेहरे पहिल्यांदाच खरोखर कोरे होते. हॉलमध्ये इतकं निर्मळ अज्ञान पूर्वी कधी जमलं नव्हतं.  शेवटी छत्रीचं टोक बाहेर आलेल्या एका बॅगेपाशी दांडी वळल्यासारखी झाली. साहेबांनी तिच्यावर खडूनं फुली मारली. पुढच्या ओळीत दांडी दोनदा वळली, दोन वेगवेगळ्या बॅगांपाशी. दिरानं त्यातली जाडी निवडली. अशा सहाही ओळी झाल्या.

कारकुनाला चहावरून उठवून आणलं आणि बॅगा उघडल्या. छत्रीच्या बॅगेत छत्री होती. जाड्या बॅगेत कोणाचे तरी गमबूट. फुली मारलेल्या एकाही बॅगेत नमुना नव्हता, आणि जी ओळ पूर्ण रिकामी होती, तिथे दांडी सगळ्यात ठामपणे वळली होती.

 दीर खांद्याची फीत चाचपत उभा राहिला.

टायवाल्यांनी मान हलवली, वैद्य रोग्याच्या नातेवाइकांसमोर हलवतात तशी. “कांडीत दोष नाही. धरणाऱ्याच्या मनात शंका शिरली आहे. मनात शंका असली की अंगातली वीज उलटी वाहते. घरचंच कोणीतरी शंकेखोर असेल, तर याचा काही इलाज नाही. दुसरा माणूस द्या, साहेब.”

“दुसरा माणूस...” साहेब विचारात पडले.

 दीर कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, कांडी तशीच हातात. व्हरांड्यात बसलेल्या बाईंना उघड्या दारातून सगळं ऐकू येत होतं. उठून आत जावं आणि त्या टायला आणखी एक गाठ मारावी, असं त्यांना फार वाटलं. पण मावशीची परीक्षा व्हायची होती, आणि नियम त्यांचेच होते. त्या बसून राहिल्या.

सगळ्यांना बाहेर काढलं. कारकुनानं नव्यानं फासे टाकले, नव्या जागी नमुने ठेवले आणि तो पुन्हा चहाला गेला. मंडळी आत आली. टायवाल्यांनी आपली कातडी बॅग खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि पायावर पाय टाकून बसले. मग मावशीला घेऊन तिचा मास्तर आला. त्यालाही काही माहीत नव्हतं. मावशीला माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. ती झोपेतून उठून आली होती.

मावशीनं पहिली ओळ हुंगली आणि एका निळ्या पिशवीपाशी बसली. साहेबांनी खडूची फुली मारली. दुसरी ओळ तिनं शेपूट हलवत पार केली, कुठेही बसली नाही. “इथं काही नाही म्हणते,” मास्तर म्हणाला. तिसऱ्या ओळीत मधली बॅग, चौथीत अगदी कोपऱ्यातली. कोणाच्या तोंडाकडे बघायची तिला गरज नव्हती. माणसांची तोंडं तिच्या मते फार उंचावर असत आणि त्यांना विशेष वास नसे.

सहावी ओळ संपली. मास्तरानं दोर आखडला. पण मावशी वळली नाही. तिनं नाक वर केलं, हवेत दोनदा फुरफुरली आणि मास्तराला फरफटत खुर्च्यांकडे निघाली. साहेबांना ओलांडून, परीक्षा बघायला आलेल्या हिशेबनिसाला ओलांडून, ती टायवाल्यांच्या पायाशी आली आणि कातडी बॅगेसमोर बसली.

टायवाले मनापासून हसले. “अहो, ही माझी बॅग! परीक्षेत नाही ही. बघा साहेब, तुमची कुत्री! इतका वेळ ऐटीत बसत होती, पण शेवटी चुकलीच.”

साहेबही हसले. “बाई, या आत! तुमच्या मावशीनं शेवटच्या पेपरात माती खाल्ली.”

बाई आत आल्या. त्या टायवाल्यांकडे गेल्या नाहीत, बॅगेकडेही नाही. मास्तराला म्हणाल्या, “कशी बसली?”

“पक्की बसली, बाई. टेकली ती हललीच नाही.”

“कापड आणा.”

पुसणीचं कापड बॅगेच्या मुठीवरून, कुलपावरून फिरलं आणि यंत्राच्या तोंडात गेलं. यंत्रानं थोडा विचार केला आणि लाल दिवा लावून कर्कश ओरडलं.

“हँडक्रीम!” टायवाले म्हणाले. “मी हँडक्रीम लावतो. तुमचं यंत्र हँडक्रीमला ओरडतं, सगळ्यांना ठाऊक आहे.”

“ओरडतं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण मावशी हँडक्रीमला बसत नाही. यंत्र चुकतं, मावशीही चुकते. पण दोघांनी एकाच वेळी, एकाच बॅगेवर, एकसारखं चुकावं एवढा एकोपा आमच्या खात्यात नाही. बॅग उघडा.”

टायवाल्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पहिल्यांदाच दुसरीकडे पाहिलं.

सगळ्यांना व्हरांड्याबाहेर पाठवून बाईंनी रीतीप्रमाणे आधी बॅगेचं क्ष-किरणचित्र काढलं आणि मग ती उघडली. वर दोन इस्त्रीचे शर्ट, खाली पाच-सहा टाय, आणि त्याखाली फडक्यात गुंडाळलेली, सील केलेली एक डबी. बाईंनी सीलवरचं स्फोटकाचं नाव वाचलं. त्यांच्या प्रयोगशाळेतले नमुने होते, त्यापेक्षा या डबीत माल कितीतरी जास्त होता. त्यांनी सगळ्यांना परत आत बोलावलं.

“ते प्रात्यक्षिकाचं आहे,” टायवाले म्हणाले. त्यांचा टाय प्रथमच सैल झाला होता. “पुढच्या बंदरात दाखवायला लागतं. परवाना आहे माझ्याकडे. पूर्ण कायदेशीर आहे.”

“परवाना आहे हे मला कळलं,” बाई म्हणाल्या. “कांडीला कसं कळलं?”

यावर टायवाले काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“तुम्ही सकाळी कुठल्या दारानं आलात?”

दीर होता. कांडी हातात धरून तो टायवाल्यांसमोर येऊन उभा राहिला होता.

“चार नंबरच्या,” टायवाले म्हणाले. “तुम्हीच तर सलाम केलात.”

“केला. ही बॅग तुम्ही माझ्यासमोर टेबलावर ठेवलीत. मी कांडी फिरवली तिच्यावरून. सगळ्यांवरून फिरवतो, तुमच्यावरूनही फिरवली. हलली?”

“त्याचं असं आहे... माझ्याबद्दल तुमच्या मनात शंका नव्हती ना, म्हणून...”

“थांबा.” दीर एकेक शब्द मोजून बोलू लागला, हिशेब लागत नसलेला माणूस बोलतो तसा. “मघाशी माझ्या मनात शंका होती, म्हणून ती चालली नाही. सकाळी शंका नव्हती, म्हणून चालली नाही. मग ती चालते केव्हा?”

टायवाल्यांना हा प्रश्न आजवर कोणत्याच बंदरात कोणी विचारला नव्हता.

“तुमच्यामागे रांगेत शाळेची सहल होती,” दीर म्हणाला. “पोरं ‘काका, काका, आम्हाला कांडी लावा’ करत होती. मी लावली एकेकाला. हसत होतो मी. आणि ही डबी टेबलावर होती. माझ्या हाताशी.” त्यानं हात पुढे करून दाखवला.  मग तो मागे घेतला, आणि कांडी टायवाल्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर ठेवून दिली. “ही तुमची तुम्हाला.”

“अहो, पण संध्याकाळच्या बोटीला दारावर काय धरणार तुम्ही?” साहेब म्हणाले. “चार नंबरला दुसरं काही ठेवलेलंच नाही आपण.”

“म्हणूनच बोलतोय, साहेब. चार नंबर बंद.”

“बंद? संध्याकाळच्या बोटीची गर्दी माहीत आहे ना तुला? असं बंद करता येत नाही दार.”

“येतं. तुमच्या सहीचा हुकूम आहे. दार केव्हा उघडायचं, केव्हा मिटायचं, पूर्ण अधिकार पथकप्रमुखाला.” त्यानं फीत सरळ केली. “पथकप्रमुख म्हणून माझा हा पहिला हुकूम, आणि बहुतेक शेवटचा. सगळी माणसं तीन नंबरनं जातील. यंत्रावरून, मावशीसमोरून. रांग कितीही लागू दे.”

साहेब बाईंकडे वळले. “बाई, तुम्ही सांगा जरा तुमच्या दिराला.”

“मी काय सांगू?” बाई म्हणाल्या. “दारावर अधिकार त्यांचा आहे. मी पुसणीची कापडं जास्तीची काढते.” आणि त्या दिराकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, मावशीला अर्ध्या तासानं विश्रांती लागेल. तेवढा वेळ सगळ्यांची कापडं काढावी लागतील. एक माणूस कमी पडतोय माझ्याकडे.”

“मला येत नाही ते.”

“मनगट स्थिर ठेवायचं आणि मुठीवर दाबून फिरवायचं. बाकीचं यंत्र करतं. तुमच्या मनात काय चाललंय ते त्याला काडीचंही कळत नाही, तेवढी खात्री बाळगा.”

दिराला हसू आलं. ते त्यानं मिशीत दाबायचा प्रयत्न केला, पण त्याला मिशी नव्हती.

टायवाल्यांना परवान्यासकट आणि डबीसकट दोन पहारेकऱ्यांनी बंदर-पोलिसांकडे नेलं. इतका धोकादायक माल बॅगेत घालून प्रवाशांच्या रांगेत उभं राहायची परवानगी परवान्यात कुठे लिहिली आहे, ते तिथे शांतपणे बसून शोधायचं होतं. कारकुनाला उपाहारगृहातून बोलावून मावशीच्या बॅगा उघडल्या. तिच्या सगळ्या फुल्या बरोबर होत्या. कारकून म्हणाला, मला अजून दोन कप चालले असते.

चार नंबरच्या दाराच्या लोखंडी फळ्या दिरानं स्वतः ओढल्या आणि अडसर घातला. संध्याकाळी तीन नंबरवर जी रांग लागली, ती सामान तोलायच्या काट्याला वळसा घालून, तिकीटखिडक्यांपुढून, थेट रस्त्यावर गेली. लोक चिडले होते. लोकांचा तो हक्क होता. बाई यंत्रापाशी होत्या, मास्तर मावशीपाशी, आणि टेबलाशी दीर होता. एकेक मूठ पुसत, एकेक कापड यंत्राला भरवत. एका बॅगेला यंत्र ओरडलं. दिराचा हात जागच्या जागी थांबला, बाईंनी शांतपणे दुसरं कापड घेतलं, मावशीला आणलं. मावशीनं हुंगलं, जांभई दिली आणि पुढे गेली. बॅगवाल्या आजोबांनी खिशातून हृदयविकाराच्या गोळ्या काढून दाखवल्या. दिरानं बॅग त्यांच्या हातात दिली आणि पुढच्याला बोलावलं.

पुढचा होता एक घाईचा गृहस्थ. रांगेत उभं राहून त्याचा पारा चढला होता.

“हा काय पोरखेळ लावलाय?” तो ओरडला. “सकाळी कांडी फिरवून एका मिनिटात सोडत होतात! तिकडे बोट सुटतेय माझी!”

“सुटू दे की, काका,” दीर कापड घडी करत म्हणाला. “तासाभरानं दुसरी आहे. ती धडपणे सुटावी, एवढ्यासाठीच चाललंय हे. बॅग ठेवा वर.”

गृहस्थानं कुरकुरत बॅग वर ठेवली.